पाणी पात्रात आहे म्हणून थांबू नकोस

चि. सागर यास अनेक आशीर्वाद.

बबनदादा डबा घेऊन परत निघालाय, त्याच्याकडं ही चिठ्ठी देतोय. काल फोनवर तू म्हणालास, "राजापूरचा विसर्ग कमीच आहे, पाणी पात्रात आहे, म्हसरं कशाला हलवायची?" मग माझाही आवाज चढला आणि आईनं फोन काढून घेतला. प्लास्टर निघेपर्यंत मला बेळगावातून हलता येणार नाही, म्हणून लिहितो.

राजापूर बंधाऱ्याचा आकडा कृष्णेचा. कोयना आणि राधानगरीचं पाणी त्यात येतं, आपल्या दूधगंगेचं येत नाही. ती पुढं कल्लोळला कृष्णेला मिळते. आपल्यासाठी बघायचं ते काळम्मावाडी धरणातून किती सोडलंय आणि घाटात पाऊस किती झालाय. वेदगंगाही दूधगंगेलाच मिळते. राजापूरवरून एवढंच कळतं की आपल्या नदीला पुढं वाट मिळणार की नाही. कृष्णा भरून चालली की दूधगंगेचं पाणी ओसरत नाही, पाणी तुंबून फुग मागं येते. गावात ऊन पडलेलं असतं आणि पाणी मात्र चढत असतं. २०१९ ला ऑगस्टात आणि २०२१ ला जुलैत यमगर्णीजवळ महामार्ग बंद झाला, ते तुला सांगायला नको.

उंबऱ्याला पाणी लागायच्या कितीतरी आधी कारदगा-भोज पूल जातो. मामाच्या माळावर म्हसरं न्यायची वाट तीच. घर बुडेल की नाही हा प्रश्नच नाही, पूल कधी बुडेल तो आहे. पाणी पुलाच्या तळाला दोन हात उरलं की निघायचं, आणि ते दिवसाउजेडी.

नदीकाठाला वीत-वीतभर खुणा केलेली काठी रोव आणि दर तासाला बघ. एका तासात वीतभर चढलं तर वाट बघू नकोस.

नदीवरची पाण्याची मोटर आधी काढ. स्टार्टरचा फ्यूज काढून खिशात ठेव. तिन्ही वायरींना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांध, नाहीतर परत जोडताना दोन फेज उलटल्या की मोटर उलटी फिरते आणि पाणी चढत नाही. वायरींची टोकं टेपनं बंद कर. डीपीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीला, हात लावायचा नाही, लाईनमनला फोन कर. गेल्या वर्षी स्टार्टर तू एकट्यानं बसवलास, वायरमन बघत राहिला होता. तरीही सांगतो, डीपीला हात लावायचा नाही.

एका म्हशीला दिवसाला सहा-सात किलो सुका कडबा धरून आठ दिवसांचा माळावर पाठव. पुराचा गाळ बसलेली ओली वैरण घातलीस तर हगवण लागते. घटसर्प-फऱ्याची लस झाली का, तेवढं डॉक्टरला विचार. आणि काही कारणानं जनावरं गोठ्यातच राहिली तर दावी सोडून ठेव. बांधलेलं जनावर पोहू शकत नाही. पण राहता कामा नयेत, पुलाचं वर लिहिलंच आहे.

गॅसची टाकी रेग्युलेटर काढून खांबाला बांध, नाहीतर ती तरंगत जाते. ज्वारी माळ्यावर चढव. उतारा, रेशन कार्ड, पासबुकं दोन पिशव्यांत घालून अंगावर ठेव. घराचे आणि उसाचे फोटो आजच काढ. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत खुणा धुऊन गेलेल्या असतात.

एवढं सगळं सांगतोय जणू तुला काही कळतच नाही. रागवू नकोस. २००५ ला तू आत्याच्या कडेवर होतास, नदी आत येते तर दार लावत का नाही म्हणून विचारत होतास. आता म्हशींची दावी तुझ्या हातात आहेत, हे मला इथं पडून पडून उमगतंय. पण रात्री झोप लागत नाही.

आजी हलायला तयार होणार नाही. "२००५ ला बी काय झालं नव्हतं," म्हणेल. तिच्याशी वाद घालू नकोस. तिचा देव्हारा टोपल्यात घालून आधी मामाकडं पोचव, मग ती आपोआप निघेल. साखरेच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या बरोबर असू देत.

आणि पुलावरून पाणी वाहायला लागलं की मोटारसायकल घालू नकोस, गुडघाभर असलं तरी. कड दिसत नाही आणि वेग पाय उचलतो. तेव्हा लांबच्या वाटेनं जा किंवा तिथंच थांब. तशी वेळ येऊ नये म्हणूनच आधी निघ म्हणतोय.

तुझा,
बाबा

ता. क. फ्यूज खिशात ठेवलास की दुसरी पँट घालताना विसरू नकोस. पुलाचा फोटो संध्याकाळी सहाला पाठव, आणि उद्या सकाळी परत.