हेरिटेज ट्राम आणायचीच, तर कामावर जाणारी आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत फोर्ट भागात पर्यटकांसाठी हेरिटेज ट्राम सुरू करावी, ही मागणी वाचकांच्या पत्रांतून अधूनमधून डोके वर काढते. पश्चिम बंगालच्या परिवहनमंत्र्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये कोलकात्याची ट्राम बंद करून एस्प्लनेड ते मैदान एवढाच पट्टा वारसा म्हणून ठेवण्याचे जाहीर केले, तेव्हापासून तर जरा जास्तच. मी मध्य रेल्वेच्या ओएचईत, म्हणजे गाडीच्या डोक्यावरच्या तारांच्या कामात, उभी हयात काढली. मुलगी संशोधनाच्या निमित्ताने अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला असते. तिच्याकडच्या मुक्कामात तिथली जुनी ट्राम मनसोक्त पाहिली, म्हणून चार शब्द लिहितो.

आपल्याकडची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. लालबागेत राहणारी आम्ही पोरे ट्रामच्या रुळांवर बाटल्यांची झाकणे ठेवून चपटी करायचो, एवढेच मला तिचे आठवते. न्यू ऑर्लिन्सला गेल्यावर कळले की तिथल्या मुख्य रस्त्यावरची, कॅनाल स्ट्रीटची ट्राम त्याच वर्षी ३१ मे रोजी बंद पडली. आपल्यापेक्षा बरोबर दोन महिन्यांनी. तिथेही बस स्वस्त, बस लवचीक, ट्राम म्हणजे जुनाट अडगळ, हीच भाषा होती. लोक जागे झाले ते उशिराच. पण एक फरक पडला. सेंट चार्ल्स अव्हेन्यूचा मार्ग आणि त्यावर चालवायला ३५ डबे त्यांनी राखले. हा मार्ग १८३५ पासून चालू आहे. आधी वाफेवर, मग खेचरांवर आणि १८९३ पासून विजेवर.

आजही तिथे धावतात ते हिरवे डबे १९२३-२४ सालचे आहेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या हाय पॉइंट गावच्या पर्ली थॉमस कारखान्यात बांधलेले. (त्याच कारखान्याची वारसदार कंपनी आता शाळांच्या पिवळ्या बस बनवते.) आत लाकडी बाके, ओढून उघडायच्या खिडक्या, छताला उघडे दिवे. एसी नाही. ऑगस्टमध्ये तिथे आपल्या मे महिन्यासारखा घाम निघतो, तरी गाडी भरलेली असते. माझे लक्ष साहजिकच वर. तारेत ६०० व्होल्ट डीसी. आम्ही मुंबईत १५०० व्होल्ट डीसीवर कामे केलेली, त्यामुळे घरच्यासारखे वाटले. मात्र पॅन्टोग्राफ, म्हणजे आपल्या लोकलच्या टपावर तारेला टेकून वीज घेणारा सांगाडा, तिथे नाही. डब्याच्या प्रत्येक टोकाला एकेक लांब दांडा, त्याला बांधलेली दोरी. क्लेबोर्न अव्हेन्यूच्या शेवटच्या थांब्यावर चालकबाई खाली उतरली, मागचा दांडा दोरीने ओढून खाली घेतला, आकड्यात अडकवला. मग दुसऱ्या टोकाला जाऊन तिथला दांडा सोडला आणि मान वर करून नेमका तारेला लावला. मग ब्रेकचा दांडा हातात घेऊन ती पलीकडच्या केबिनमध्ये गेली आणि जाता जाता खटाखट एकेका बाकाची पाठ उलट बाजूला लोटत गेली. गाडी वळवायची गरजच नाही. वळणावर दांडा तारेवरून सुटला तर चालकच उतरून लावतो, तारांच्या दुरुस्तीची आमची गाडी, टॉवर वॅगन, बोलवायला नको. आमच्या खात्यातल्या कोणालाही हेवा वाटावा अशी ही सोय.

पण मला सांगायचे आहे ते या गमतीचे नाही. मुलीचा नवरा रोज सकाळी त्याच ट्रामने कॅनाल स्ट्रीटच्या बाजूला कामाला जातो. त्याच्याबरोबर हॉटेलांत खोल्या साफ करणाऱ्या बायका, गणवेशातली शाळेची मुले, टुलेन आणि लोयोला विद्यापीठांचे विद्यार्थी. मोबाइल उंच धरून बसलेले पर्यटक असतातच, पण त्यांनाही याच गर्दीत उभे राहावे लागते. तिकीट सव्वा डॉलर, बसला तेवढेच. तीन डॉलरच्या दिवसाच्या पासावर बस आणि ट्राम दोन्ही चालतात. म्हणजे शंभर वर्षांच्या डब्यात बसण्याचे वेगळे पैसे नाहीत. १९७३ पासून हा मार्ग सरकारी वारसा यादीत आहे, २०१४ मध्ये त्याला त्याहून वरचा दर्जा मिळाला, आणि तरीही तो शहराच्या परिवहन सेवेचा साधा मार्ग आहे. रूळ रस्त्याच्या मधोमध गवताच्या रुंद पट्ट्यातून जातात. मोटारी आडव्या येतात त्या फक्त चौकात. संध्याकाळी त्या पट्ट्यावरून लोक पळायला जातात, मागून घंटा वाजली की बाजूला होतात. डोक्यावर ओकची झाडे, आणि फांद्यांवर मार्दी ग्रा या तिथल्या उत्सवाच्या मिरवणुकीत फेकलेल्या मण्यांच्या माळा लटकलेल्या.

या रोजच्या वापराचे मोल २००५ मध्ये कळले. कॅनाल स्ट्रीटवरची ट्राम चाळीस वर्षांनी, एप्रिल २००४ मध्ये परत आली होती. त्यासाठी शहराच्या परिवहन संस्थेने २४ लाल डबे आपल्याच कार्यशाळेत बांधले, रूप जुने पण आत एसी आणि व्हीलचेअरसाठी लिफ्ट. दीड वर्ष व्हायच्या आत कतरिना वादळ आले. लाल डब्यांचे आगार पाण्यात बुडाले आणि त्यांच्या आतली वीजयंत्रणा खारट पाण्याने खलास झाली. हिरवे डबे कॅरोल्टनच्या उंचावरच्या आगारात सुखरूप राहिले, पण सेंट चार्ल्सवरच्या त्यांच्या तारा झाडे पडून लोळल्या. मग काय केले? डिसेंबरातच म्हातारे हिरवे डबे कॅनाल स्ट्रीटवर आणून चालू केले. सेंट चार्ल्सचा पूर्ण मार्ग सुरू व्हायला २००८ चा जून उजाडला, लाल डबेही पुन्हा बांधले गेले. अर्धे शहर उजाड असताना ट्रामवर पैसा कशाला, हा प्रश्न कोणीतरी विचारलाच असणार. पण लोकांना कामावर पोचवणारी ती गाडी होती, म्हणून उत्तर देता आले.

याउलट सिअॅटल बघा. तिथे १९८२ मध्ये मेलबर्नचे जुने डबे आणून समुद्रकाठाने ट्राम सुरू केली. सुंदर होती म्हणतात. २००५ मध्ये शिल्पांच्या बागेसाठी तिचे आगार पाडायचे ठरले, दुसरीकडे आगार काही बांधले गेले नाही आणि ट्राम बंद झाली ती झालीच. बदली बस दिली, भागले. मेम्फिसमध्ये १९९३ ला सुरू झालेल्या जुन्या ट्रामच्या दोन डब्यांना २०१३-१४ मध्ये आग लागली, सेवा चार वर्षे बंद राहिली. २०१८ मध्ये सुरू होऊन २०२४ मध्ये पुन्हा थांबली. जुनी गाडी चालवायची तर तिचे सुटे भाग घडवणारा कारागीर आणि तारांकडे रोज बघणारा माणूस पगारावर लागतो. उद्घाटनाच्या फिती कापणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोचे उदाहरण तुमचे पत्रलेखक नेहमी देतात, पण ते केबल कारबद्दल बोलत असतात. ती वेगळी, जमिनीखालच्या दोरखंडाने ओढली जाणारी. मार्केट स्ट्रीटवर १९९५ पासून धावणारी एफ लाइन मात्र खरी ट्राम आहे. फिलाडेल्फियाचे १९४० च्या दशकातले डबे, मिलानचे १९२८ चे डबे, सगळे नेहमीच्या रहदारीत. तिथेही कचेरीला जाणारे आणि फिरायला आलेले एकाच दांडीला लोंबकळतात.

न्यू ऑर्लिन्सचे सगळेच गोड आहे असे नाही. हिरव्या डब्याच्या पायऱ्या उंच आहेत. सौ.चे गुडघे दुखतात. तिला प्रत्येक वेळी मी मागून हात द्यायचो आणि चालकबाई शांतपणे थांबायची. व्हीलचेअरवरच्या माणसाला तर चढताच येत नाही. डबा जसाच्या तसा राखायचा की दार सगळ्यांना उघडायचे, यात माझे मत दुसऱ्या बाजूला आहे. वारसा जपावा, पण सार्वजनिक पैशावर चालणारी गाडी निम्म्या म्हाताऱ्यांना फुटपाथवर ठेवत असेल तर पायरी बदलावी.

तेव्हा फोर्टात ट्राम मागणाऱ्यांना माझे तीन प्रश्न आहेत. सीएसएमटीबाहेर सकाळी नरिमन पॉइंटच्या शेअर टॅक्सीसाठी रांगेत उभा राहणारा कारकून तिच्यात बसणार आहे का? बेस्टचा पास तिच्यात चालणार आहे का? आणि रुळांसाठी रस्त्याचा एक पट्टा मोटारींकडून काढून घ्यायची कोणाची तयारी आहे का? मोटारींच्या गर्दीत अडकून चालायचे असेल तर १९६४ चीच गत होईल. तिन्हींचे उत्तर हो असेल तर खुशाल रूळ टाका, तारांचे काम बघायला निवृत्त माणसे फुकट येतील, त्यांत मी पहिला. नाहीतर हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या कामात सापडलेले जुने रूळ मांडून ठेवलेले आहेत, तेवढे पुरेत. उरलेल्या पैशांतून बेस्टला बसगाड्या घेऊन द्या. कल्याणहून येऊन सीएसएमटीला उतरल्यावर मला त्यांचीच जास्त गरज पडते.

आपला,
मध्य रेल्वेचा एक निवृत्त ओएचई कर्मचारी, कल्याण (पूर्व)