गृहमंत्री साहेब, त्या बारा सत्रांचा हिशेब द्या

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

माझ्या उजव्या हाताला प्लास्टर आहे, म्हणून मी सांगते आहे आणि मुलगी टाइप करते आहे. मनगट नवऱ्याने मोडलं. त्याच्याकडे ‘राग व्यवस्थापन कार्यक्रम यशस्वीरीत्या पूर्ण’ असं प्रमाणपत्र आहे, लॅमिनेट केलेलं. आता वकिलाने तेच जामिनाच्या अर्जाला जोडलंय.

कोणत्या कारागृहातलं ते लिहीत नाही. तिथल्या साहेबांनी मला शब्द दिला होता, “ताई, माणूस बदलून घरी पाठवतो.”

कागदावर सत्रं बारा. प्रत्यक्षात किती झाली ते त्यालाही धड सांगता येत नाही. संस्थेचे सर यायचे, साठ-सत्तर जणांना एकत्र बसवून मोबाइलमधून वाचून दाखवायचे. राग चढतोय हे कसं ओळखायचं, बायको उलट बोलली तर तिथून बाजूला कसं व्हायचं, हे ऐकून येत नाही. जोडीजोडीने पुन्हा पुन्हा करून बघावं लागतं. तो भाग सरांनी “घरी गेल्यावर करा” म्हणून सोडून दिला. घरी म्हणजे माझ्यावर! शेवटच्या दिवशी सगळ्या सत्रांच्या सह्या एकदम घेतल्या, फोटो काढला, समोसे वाटले.

मी अंगणवाडी सेविका आहे. पोरांची वजनं-उंच्या पोषण ट्रॅकरवर भरते. घरपोच आहार द्यायचा तर आईचा चेहरा मोबाइलला पटावा लागतो, नाही पटला तर बोलणी मी खाते. पर्यवेक्षिका बाई न सांगता येतात. आहाराच्या पाकिटामागे एवढा पहारा, आणि माणसाचा हात उठू नये म्हणून जे शिकवतात तिथे मागे बसून बघायला कुत्रंही नाही.

मुलगी एमएसडब्ल्यू करते. तिने अमेरिकेतलं वाचून दाखवलं. वॉशिंग्टन राज्याने 2004 साली बालगुन्हेगारांच्या कुटुंबांसाठीचा एक कार्यक्रम तपासला. ज्या समुपदेशकांनी तो ठरल्याबरहुकूम राबवला, त्यांच्याकडच्या मुलांचे गंभीर गुन्हे 38 टक्क्यांनी घटले. ज्यांनी पाट्या टाकल्या, त्यांच्याकडे फायदा शून्य. पुस्तक तेच, पगारही बहुधा तोच असेल. इंग्लंडमध्ये लैंगिक गुन्हेगारांसाठीचा असाच एक कार्यक्रम 2017 साली बंद झाला, कारण तो घेतलेल्यांपैकी 10 टक्क्यांनी पुन्हा तसला गुन्हा केला होता, न घेतलेल्यांपैकी 8. त्यांनी मोजलं म्हणून निदान कळलं तरी. आपल्याकडे मोजतात ते ‘लाभार्थी’. माझा नवरा तुमचा लाभार्थी आहे, अभिनंदन.

मागणी फार मोठी नाही. कोणत्याही सत्राला न सांगता कुणीतरी जाऊन बसावं, यादी घेऊन: किती माणसं, किती वेळ, सराव झाला का, सरांना प्रश्नांची उत्तरं आली का. सत्राचं रेकॉर्डिंग ठेवा. त्यावर गुण द्या आणि गुण पाहिल्याशिवाय संस्थेचं बिल काढू नका.

तुम्ही म्हणाल, माणसं कुठून आणायची? देशातल्या तुरुंगांत शंभरांच्या जागी एकशे तीस कोंबलेत, त्यातले चारांत तीन कच्चे कैदी, 2022 चे आकडे आहेत म्हणे. कबूल. मग कार्यक्रम कमी घ्या, पण खरे घ्या.

पण कमी कसं चालेल? आकडा वर गेला पाहिजे ना! झाडं लावल्याचा फोटो वर जातो, जगली किती ते कोण विचारतंय. शाळेत हात धुण्याचा दिवस साजरा होतो, नळाला पाणी नसतं. आमचं मानधन रखडलेलं असतं तेव्हाच महिला सुरक्षेची शपथ घेतल्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा हुकूम येतो. मीही टाकलाय, हात पुढे करून उभी आहे त्यात. तेव्हा हात धड होता. गावापासून मंत्रालयापर्यंत सगळा कारभार फोटोवर चाललाय आणि त्या फोटोबाहेर काय होतं ते आम्ही बायका भोगतोय.

‘आपला अर्ज पुढील कार्यवाहीस्तव पाठवला आहे’ असलं पत्र पाठवू नका. त्या बारा सत्रांच्या तारखा, हजेरीपट आणि संस्थेला दिलेल्या बिलाची प्रत पाठवा. आणि जामिनाच्या तारखेआधी पाठवा.

आपली,
एक अंगणवाडी सेविका