म्हातारी पेशी गप्प बसत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

केमोथेरपीमुळे कर्करोगाच्या पेशी म्हाताऱ्या होतात, म्हणजे मरत नाहीत पण विभाजन थांबवतात, हा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. एकवीस वर्षं मी पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते, त्यामुळे या म्हाताऱ्यांशी माझी जुनी ओळख. लेखाचा सूर मात्र असा, की पेशी म्हातारी झाली म्हणजे निकालात निघाली. त्याबद्दल हे पत्र.

डॉक्सोरुबिसिन, म्हणजे रुग्णांचं 'लाल औषध', भरपूर घातलं की पेशी मरतात आणि काचेवरून सुटून तरंगू लागतात. डोस कमी ठेवला तर बऱ्याच पेशी मरत नाहीत. आठवड्याभराने पाहावं तर तळाला घट्ट चिकटलेल्या, चपट्या, ऐसपैस पसरलेल्या. एकेक पेशी पूर्वीच्या दोन-तीन पेशींची जागा अडवून बसलेली. औषधाने डीएनए तुटतो, पी53 हे प्रथिन जागं होतं, ते पी21 या दुसऱ्या प्रथिनाला कामाला लावतं आणि विभाजन थांबतं. निरोगी पेशी साधारण पन्नासएक विभाजनांनंतर आपसूक थांबतात, हे हेफ्लिक आणि मूरहेड यांनी 1961 मध्येच दाखवलं होतं. कर्करोगाच्या पेशीने ती मर्यादा झुगारलेली असते; औषध तिला पुन्हा थांबायला लावतं.

अशा पेशी ओळखण्यासाठी 1995 पासून एक निळा रंग वापरतात. त्याच्या द्रावणाचा पीएच (आम्लतेचं माप) 6 च लागतो. पहिल्या खेपेला मी सवयीने थाळी नेहमीच्या, कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली. त्या वायूने पीएच उतरला आणि सकाळी तरण्याताठ्या पेशीसुद्धा निळ्या! आठवड्याचं काम वाया गेलं आणि बोलणीही खाल्ली.

आता मुद्द्याचं. विभाजन थांबलं तरी या पेशी गप्प बसत नाहीत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातली गत. इंटरल्यूकिन-6, इंटरल्यूकिन-8 हे दाह वाढवणारे निरोप आणि आजूबाजूचं ऊतक पोखरणारी विकरं त्या सतत बाहेर सोडत राहतात. त्या हाकेने कधी रोगप्रतिकारक पेशी येऊन त्यांना उचलून नेतात, ते चांगलंच. पण बराच काळ त्या तिथेच राहिल्या, तर शेजारच्या अजून विभाजन चालू असलेल्या कर्करोग पेशींना त्याच स्रावांचं बळ मिळू शकतं. काही पेशी तर थांबलेलं विभाजन पुन्हा सुरू करतात. 2018 मध्ये लिम्फोमावर (लसीका पेशींच्या कर्करोगावर) झालेल्या कामात अशा परतलेल्या पेशी आधीपेक्षा आक्रमक निघाल्या. शिवाय औषध निरोगी पेशींनाही म्हातारं करतं. 2017 च्या एका अभ्यासात अशा पेशी काढून टाकल्यावर केमो दिलेले उंदीर जास्त हिंडू-फिरू लागले. केमोनंतरच्या थकव्याला 'मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

म्हणून केमो टाळावी, असा अर्थ कुणी कृपया काढू नये. गाठ वाढायची थांबते, त्यात या वार्धक्याचाही वाटा असू शकतो. आधी म्हातारं करायचं आणि मग दुसऱ्या औषधाने त्या पेशी वेचून मारायच्या, यावर संशोधन चालू आहे.

आणि इथेच लेखाच्या शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. क्वेर्सेटिन या वनस्पतींत सापडणाऱ्या द्रव्याच्या गोळीने म्हाताऱ्या पेशी 'साफ होतात', असं त्यात छापलंय. 2015 मधलं गाजलेलं काम पेशींवर आणि उंदरांवर होतं, आणि परिणाम दिसला तो डासाटिनिबच्या जोडीने. डासाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगाचं औषध आहे, ताकदीची गोळी नव्हे. केमो चालू असताना डॉक्टरांना न विचारता असलं काही घेऊ नये, एवढं तरी लेखात हवं होतं.

तेवढ्या वाक्याचा खुलासा पुढच्या अंकात, शक्यतो त्याच पानावर, छापावा. माझ्या धाकट्या जावेची केमो चालू आहे, आणि तिने ते कात्रण फ्रिजला चिकटवून क्वेर्सेटिनखाली लाल रेघ मारून ठेवली आहे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ