उलटं वाचणारीकडून रद्दीवाल्या मामांना

वडगाव, बेळगाव

मामा,
सा. न. वि. वि.

मोबाईलवर काही वाचायचं म्हटलं की तुम्हाला चष्मा सापडत नाही, आणि चष्मा सापडला की मोबाईल सापडत नाही. म्हणून हे पत्र तुमच्या नातीला पाठवतेय, ती वाचून दाखवेल. समोर उभं राहून आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, "बाजूला हो गं, टेम्पो लागायलाय." दुसऱ्यांदा चहा मागवलात आणि विषयच बदललात. म्हणून आता चारचौघांत मानते.

२०१४ चा जून. मी पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पुढे एकदम सगळं इंग्रजीत, त्यामुळे पहिलं वर्ष कसंबसं ढकललेलं. घरात दिवसरात्र मागाचा खडखडाट. जुनी गाईडं स्वस्तात मिळतात म्हणून तुमच्याकडे आले होते. जून म्हणजे तुमचा सुगीचा महिना. लष्कराच्या कॅम्पातल्या बदल्या झालेल्या असतात, होस्टेलच्या खोल्या रिकाम्या झालेल्या असतात, आणि कुणाकुणाची वर्षभराची आवड सुतळीनं बांधून तुमच्या दारात येऊन पडते. त्या ढिगात 'अटॅक ऑन टायटन' या मांगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, पहिला खंड इंग्रजीत होता. मी नेहमीसारखा डावीकडून उघडला, तर पहिल्याच पानावर सूचना: थांबा, तुम्ही चुकीच्या दिशेनं चाललाय. जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचायची असते, हे मला कुठून माहीत असणार? मी पुस्तक उलटं धरून पाहतेय आणि तुम्ही गल्ल्यावरून ओरडलात, "काय गं, उलटं वाचायलीस?" तेव्हापासून दुकानात माझं नाव तेच पडलं.

तुम्ही ते तागडीत टाकलंत. पाव किलोसुद्धा भरलं नाही. "ने तसंच," म्हणालात, "गाईडाच्या वजनात धरलं."

त्या खंडाबद्दल आज माझं मत विचाराल तर चित्रं कच्ची आहेत. हात कुठे लांब, कुठे आखूड, चेहरे एकमेकांत मिसळणारे. चित्रकार हाजिमे इसायामाचा हात पुढे खूप सुधारला. पण पन्नास मीटर उंचीची भिंत, शंभर वर्षं त्या भिंतीआड निवांत जगलेली माणसं, आणि एका दुपारी भिंतीच्या वरून डोकावणारं राक्षसाचं ते सालटं काढलेलं तोंड! त्या पानावर एकही शब्द नसता तरी चाललं असतं. माझ्यासाठी महत्त्वाचं तेच होतं. इंग्रजी कादंबरीच्या एका पानावर मी दहादा अडखळायचे. इथे अडले तर चित्र हात धरून पुढे न्यायचं, आणि दोन पानांनंतर अडलेला शब्द आपोआप कळायचा. मला इंग्रजी शिकवलं ते क्लासनं नाही, तुमच्या ढिगानं.

त्यानंतर तुम्ही जे केलंत त्याचे हे आभार. मी कधीही तोंडानं मागितलं नाही, पण दर शनिवारी एक खोकं तुमच्या खुर्चीमागे सरकवलेलं असायचं. "तुझी ती मारामारीची," असं म्हणून तुम्ही ते पुढे ढकलायचात. आत सुटे खंड: कशाचा दुसरा, कशाचा सातवा. पूर्ण संच कधीच नाही, कारण पूर्ण संच रद्दीत टाकतंय कोण?

कात्सुहिरो ओतोमोच्या 'अकिरा' या मांगाचे सहा खंड आहेत. मला मिळाले एक, दोन, तीन आणि पाच. ज्यांनी वाचलंय त्यांना यातली चेष्टा कळेल. तिसऱ्याच्या शेवटी अख्खं निओ-टोकियो शहर जमीनदोस्त होतं. पानांमागून पानं, संवाद जवळजवळ नाही, फक्त कोसळणाऱ्या इमारती, आणि ओतोमो एकेक खिडकी वेगळी काढून ती वेगळी फोडतो. मी भिंग घेऊन पाहिलंय, आळस कुठेच नाही. आणि त्यानंतर माझ्याकडे थेट पाचवा! मधे काय झालं असेल याची गोष्ट मी आठ महिने मनातल्या मनात रचत होते. रोज मागाच्या आवाजात नवी. तुम्हाला एकदा सांगितली तेव्हा तुम्ही एका गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये "हळे पेपर"चा दर ठरवत होतात. मला वाटलं, ऐकलंच नाहीत. मार्चमध्ये चौथा खंड खोक्यात होता. कोल्हापूरच्या तुमच्या धंद्यातल्या ओळखीच्या माणसाकडून मागवलेला, पहिल्या पानावर पेन्सिलीनं भाव टाकलेला, पाठीला चिकटपट्टी. खरं सांगू का मामा? माझी गोष्ट जास्त चांगली होती. पण तो खंड मी आजही उशाशी ठेवते.

मारामारीच्या मांगांबद्दल लोक म्हणतात, पानं भराभर उलटायची, त्यात वाचण्यासारखं काय. भराभर उलटतात हे खरं आहे, ती कारागिरीच आहे. पण चांगला चित्रकार कुठे थांबतो ते पाहावं. तलवार उगारली आणि पुढच्या चौकटीत नुसती गवताची काडी. तो थांबा ज्याला जमत नाही त्याचे वीस खंड झाले तरी ती नुसती धक्काबुक्कीच. युकितो किशिरोच्या 'बॅटल एंजल अलिता'त हे जमलंय. मोटरबॉल नावाच्या चाकांवरच्या खेळाच्या शर्यतींचे तिसरा-चौथा खंड मात्र मला जरा ताणलेले वाटतात. वेग भरपूर, पण अलिताच्या मनात काय चाललंय ते चाकांच्या आवाजात बुडतं. (यावरून माझं अनेकांशी भांडण झालंय, मत बदललेलं नाही.) त्या कथेची सुरुवात तुम्हाला सांगितली होती, आठवतंय? आकाशात लटकणारं श्रीमंतांचं शहर आपला कचरा खाली टाकतं, खाली भंगाराचा डोंगर, आणि त्यात एका डॉक्टरला एका मुलीचं मोडकं धड सापडतं. तो ते घरी नेतो, जोडतो, आणि तिला आपल्या मेलेल्या मांजराचं नाव देतो. तुम्ही म्हणालात, "भंगारात बघायला नजर लागते." आणि परत तागडीकडे वळलात.

मांगांवरून मी कादंबऱ्यांकडे आले तेही तुमच्याच खोक्यातून. हुकूमशाहीवरचं ऑर्वेलचं 'नाइन्टीन एटी-फोर' १९४९ चं, तुमच्याकडची प्रत वाळवीनं एका कोपऱ्यात खाल्लेली. सगळे त्यातल्या छळाच्या खोलीबद्दल बोलतात. मला घाम फुटला तो कॅन्टीनमध्ये. तिथे साइम नावाचा एक हुशार माणूस जेवता जेवता सांगतो की तो शब्दकोशाची अकरावी आवृत्ती करतोय आणि रोज शेकड्यांनी शब्द कमी करतोय. किती आनंदानं सांगतो! त्याच्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही, त्याला ते काम मनापासून आवडतं. मी ते पान दुकानाच्या पायरीवर बसून वाचलं, आणि मागे तुम्ही एकाच दमात गिऱ्हाइकाला कन्नडमध्ये "साकु", हमालाला हिंदीत शिवी आणि मला मराठीत "ऊन लागायलंय, आत ये की" म्हणालात. साइमला तुमच्या दुकानात एक दिवस बसवला असता तर त्याचा शब्दकोश तिथेच आडवा झाला असता.

त्याच पुस्तकात नायक विन्स्टनचं काम काय, तर जुने पेपर बदलायचे. छापून गेलेली बातमी नव्यानं लिहायची आणि जुना कागद भिंतीतल्या भोकात टाकायचा, खाली भट्टी. तुमचं दुकान म्हणजे याच्या नेमकं उलटं. एका पावसाळी दुपारी तुम्ही मला इंग्रजी पेपरांचे गठ्ठे महिन्याप्रमाणे लावायला बसवलं होतं. ऑक्टोबर २०१४ च्या गठ्ठ्यात बातमीच्या सुरुवातीला 'बेलगाम', नोव्हेंबरच्या गठ्ठ्यात 'बेळगावी', मधे शहराचं सरकारी नाव बदललेलं. दोन्ही गठ्ठे शेजारी शेजारी, दोन्हींवर तीच धूळ. नावावरून काय म्हणायचं ते आपल्याकडे प्रत्येकजण पोटतिडकीनं म्हणतो, मीही म्हणते, पण त्या दिवशी मला एवढंच वाटलं की दोन्ही गठ्ठे शाबूत आहेत हे बरं आहे.

ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१'चं तुम्हाला सांगितलं, की त्यात आग विझवणारे बंबवालेच पुस्तकं जाळतात, तेव्हा तुम्ही दाराजवळच्या वाळूच्या बादलीकडे बघितलंत आणि म्हणालात, "मग आमचा धंदा बुडाला की." १९५३ पासून या पुस्तकावर लोकांनी एवढं लिहिलंय, पण मला पटलेली समीक्षा हीच.

२०२१ मध्ये मी कोल्हापुरात नोकरीला होते. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर कोरोना चाचणीसाठी नाकात काडी घातल्याचा कागद दाखवल्याशिवाय कर्नाटकात सोडत नव्हते, आणि माझं घर पलीकडे. त्याच वर्षी 'अटॅक ऑन टायटन'चा चौतिसावा, शेवटचा खंड आला. तो मी नवाकोरा, पूर्ण किमतीत घेतला. बाविसाव्याच्या शेवटी ती पोरं समुद्रापाशी पोहोचतात आणि त्यांना कळतं की पलीकडेही माणसंच आहेत. तिथे ही कथा भिंतीपेक्षा उंच झाली होती. शेवट मात्र घाईत उरकलाय असं माझं मत आहे. नव्या पुस्तकाला वासही नव्हता. दुसऱ्या कुणाची नावं, बसची तिकिटं, कुणी घडी घातलेला कोपरा, काहीच नाही. मला एकदम तुमची आठवण आली आणि फोन केला. तुम्ही विचारलंत, "कितीला पडलं?" मी सांगितलं. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत.

तर मामा, आभार. खोक्याचे, चौथ्या खंडाचे, पायरीचे. पैसे घेतले नाहीत त्याचे वेगळे, आणि कधीकधी दोन रुपये जास्त लावलेत त्याचेही. त्यामुळे फुकट घेतेय असं मला कधी वाटलं नाही.

'अलिता'चे आठ झालेत, नववा अजून नाही. नवा मागवता येतो, पण मी मागवलेला नाही. गेल्या वेळी "येतंय बघ" म्हणाला होतात. येत्या शनिवारी खायला कुंदा घेऊन येते, खोकं खुर्चीमागे असू दे.

तुमची,
उलटं वाचणारी