मुक्ताला पत्र: एम.व्ही.एस्सी. आणि पैशांचं गणित

नागपूर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

"पशुवैद्यकात मास्टर्स, म्हणजे एम.व्ही.एस्सी. करीन, पण पैशांचं काय?" असं तू फोनवर म्हणालीस आणि बाबा लगेच एफडी मोडायला निघाले. मी थांबवलं. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या लेखा विभागात गेली. संशोधनाचा पैसा कुठून येतो आणि कुठे अडकतो, हे तुझ्या सरांपेक्षा मला जास्त कळतं!

आधी आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, प्रवेशपरीक्षा दे. वरचा नंबर लागला तर फेलोशिप. नाही लागला, पण त्याच परीक्षेतून दुसऱ्या राज्यात जागा घेतलीस, तर नॅशनल टॅलेंट स्कॉलरशिप असते. रक्कम मोठी नाही, पण मेसला हातभार लागेल. पीएच.डी.ला मात्र बरं आहे. विद्यापीठात पहिली आलीस तर केंद्र सरकारच्या इन्स्पायर फेलोशिपला अर्ज करता येतो. 2023 पासून अशा फेलोशिपचा दर पहिली दोन वर्षं महिना 37,000, पुढे 42,000 रुपये आहे. शिवाय आपण ओबीसी, म्हणून महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेची फेलोशिपही आहे. तिचं मुख्य कार्यालय इथेच, आपल्या नागपुरात. या दोन्ही एकदम घेता येतील, असं मात्र धरून चालू नकोस.

सरांच्या प्रकल्पात जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) म्हणून लागायचं ठरवलंस तर नीट चौकशी कर. पगार प्रकल्पाच्या हप्त्यावर चालतो. मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला, गेलं नाही की पुढचा हप्ता येत नाही. महिनोन्‌महिने बिनपगारी राबलेली पोरं मी खिडकीतून पाहिलीत. म्हणून विचारायला लाजू नकोस: प्रकल्प कधी संपतो, मंजूर पैशांतले हातात किती आलेत? चिडले तर समज, तिथे जायचं नाही.

बाहेरदेशीही वाटा आहेत. डेन्व्हरचं मॉरिस ॲनिमल फाउंडेशन 1948 पासून प्राण्यांच्या आरोग्यावरच्या संशोधनाला पैसे देतं, पशुवैद्यक विद्यार्थ्यांच्या छोट्या अभ्यासालाही. मार्गदर्शक लागतो. अटी वाचून घे.

पण खरी गोष्ट विषयाची. गायी-म्हशी गाभ टाकतात, धारा काढणाऱ्या माणसाला ताप येतो-जातो, आणि दोघांचे डॉक्टर एकमेकांना ओळखतही नाहीत. तुझा ब्रुसेलोसिसचा, म्हणजे जनावरांकडून माणसाला लागणाऱ्या या रोगाचा, विषय असा दोन्हीकडचा आहे. माणूस आणि जनावर यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या अशा कामासाठी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी 11 डिसेंबर 2022 ला आपल्याच शहरात झाली. त्याच वर्षी गुरांचा लम्पी त्वचारोग पसरला, गायींना शेळ्यांच्या देवीची लस टोचावी लागली, आणि ऑगस्टमध्ये हिसार-इज्जतनगरच्या संस्थांनी खास लम्पीची लस जाहीर केली. त्यामागे प्रयोगशाळेत बसलेली तुझ्यासारखीच माणसं होती. एमपीएससी देऊन पशुधन विकास अधिकारी व्हायचं असेल तर तेही चांगलंच, पण पैशाच्या भीतीने तिकडे वळू नकोस.

प्रस्ताव लिहिलास की बजेटचं पान आधी मला पाठव. तुम्ही लोक किट्सचे पैसे बरोबर धरता आणि खेड्यापाड्यांतून रक्ताचे नमुने आणायच्या गाडीभाड्याला विसरता.

तुझी,
आई