रबाळ्याच्या केबलवाल्या काकांना, मनापासून आभार

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

उपग्रहाच्या संगणकाच्या चाचणीसाठी तुम्ही केबल हार्नेस (तारांचा बांधलेला जुडगा) आणि ब्रेकआउट बॉक्स (प्रत्येक तार मध्येच हाताशी आणून देणारी पेटी) बांधून दिलात, त्याचे हे आभार. पत्र सर्वांसमोर लिहितोय, कारण ठाणे-बेलापूर पट्ट्यात हे काम करणाऱ्या इतरांनाही तुमच्या सवयी कळायला हव्यात.

अशा चाचणी बेंचवर संगणक खरा असतो आणि अंतराळ खोटं. सिम्युलेटर दर १ मिलिसेकंदाला उपग्रहाच्या फिरण्याचं गणित सोडवतो, सेन्सरचे सिग्नल तयार करतो; संगणक उपग्रहाला वळवणाऱ्या आतल्या चाकांना आदेश देतो आणि तो आदेश पुन्हा गणितात जातो. मधल्या तारा चुकल्या की दोष सॉफ्टवेअरच्या माथी बसतो.

म्हणून तुमच्या बॉक्सचं मोल मोठं. ३७ पिनांना ३७ जंपर, म्हणजे उपसता येणारे छोटे जोड. एक उपसला की तार तुटल्याची चाचणी झाली, आणि वीज देण्याआधी मीटर लावायलाही जागा मिळाली. सगळं बंद असताना कॅन बसच्या (उपकरणांमध्ये संदेश नेणाऱ्या जोडणीच्या) दोन तारांमध्ये ६० ओहम दिसायला हवेत, कारण दोन्ही टोकांना १२० चा एकेक रेझिस्टर असतो. १२० दिसले तर एक टोक सुटलंय. ४० दिसले तर तिसरा रेझिस्टर कुठेतरी लपलाय; आधी सिम्युलेटरचं कार्ड तपासावं.

सूर्यसेन्सरचा करंट मायक्रोअँपिअरमधला. शील्ड (तारेभोवतीची धातूची जाळी) दोन्ही टोकांना अर्थ केली तर त्यात ५० हर्ट्झची गुणगुण शिरते आणि संगणकाला सूर्यच थरथरताना दिसतो. तुम्ही ती एकाच टोकाला अर्थ केलीत.

आणि कनेक्टर! शेजारच्या दोन केबलींपैकी एकीला ९ पिनांचा, दुसरीला १५ चा. अदलाबदल करायची म्हटली तरी होणार नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये युरोपचं वेगा रॉकेट चौथ्या टप्प्याच्या नियंत्रण केबली उलट जोडल्यामुळे गेलं, सोबत दोन उपग्रहही गेले.

सगळ्यात जास्त उपयोग मात्र त्या दोन मीटरच्या मोकळ्या केबलचा. सॉफ्टवेअर आणि सिम्युलेटर एकाच तक्त्यावरून लिहिले जातात. तक्त्यात अधिक-वजाचं चिन्ह चुकलं तर दोन्हीकडे चुकतं, वजा गुणिले वजा अधिक होतं, आणि चाचणी खुशाल पास होते. ही चूक बेंचला कधीच दिसत नाही. त्या केबलमुळे खरा जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) फिरत्या पाटावर ठेवता येतो. झेड अक्ष वर धरून पाट वरून पाहता घड्याळाच्या दिशेने हाताने फिरवायचा: वाचन ऋण यायला हवं, आणि चाकानेही त्याच दिशेने वेग घ्यायला हवा, तरच ते उपग्रहाचं फिरणं स्वतःकडे ओढून घेईल. चाक उलट निघालं तर तिथेच थांबायचं.

खाडीच्या दमट हवेसाठी तुम्ही दिलेल्या टोप्या रोज संध्याकाळी कनेक्टरांवर चढतात. कनेक्टर-सेव्हर (मूळ कनेक्टर झिजू नये म्हणून मध्ये लावायचे जोड) मात्र काढून-घालून सैल झालेत, ३७ पिनांचे दोन नवे लागतील. शनिवारी जुने घेऊन येतो.

आपले,
चाचणी बेंचवरची मंडळी