त्या पानावरची सही

सांगली, 20 फेब्रुवारी

प्रिय विन्या,

दिवाळीत तुझा फोन आला, 'उलट करतो' म्हणालो आणि केलाच नाही. रागव, तुझा हक्क आहे. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर गोळीवर. बाकी ठीक.

परवा मामांच्या शेडमध्ये आपण कॉलेजात प्रोजेक्टला केलेलं मशीन पाहिलं. तेच, हळदीच्या गड्ड्यापासून हळकुंडं मोडायचं. पायंडल गंजलंय, वर मामींनी सांडग्यांचं सूप ठेवलंय.

यंदा मी तिसऱ्या वर्षाला डिझाइन थिंकिंग शिकवतोय. आधी स्वतः शिकलो, आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर आयआयटी मद्रासचा कोर्स करून. व्हिडिओ फुकट, परीक्षेला तेवढी फी. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूलने, म्हणजे डिझाइनच्या शाळेने, रूढ केलेल्या पाच पायऱ्या आहेत. आधी माणसाजवळ जाऊन त्याची अडचण समजून घ्यायची, मग ती नेमक्या शब्दांत मांडायची, मग कल्पना, मग कच्चा नमुना, आणि शेवटी तो नमुना त्याच माणसाच्या हातात देऊन बघायचं. पहिल्या पायरीलाच मी व्हिडिओ थांबवला. 'आधी हरिपूरला जाऊन बायका कशा बसतात ते बघू,' असं तू कॅन्टीनमध्ये म्हणाला होतास. मी म्हणालो, सोमवारी ड्रॉइंग द्यायचंय. सायकलवर अर्ध्या तासाचं हरिपूर, मर्दा!

आणि हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. 1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारतभर फिरलं आणि सरकारला दिलेल्या अहवालात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचं कौतुक केलं. तो डोक्यावर नेतात की कमरेवर, भरलेला नि रिकामा असताना तोल कसा राहतो, तळहाताला कसा लागतो, हे सगळं त्यांनी विचारात घेतलं. त्याच अहवालातून 1961 साली अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, उभी राहिली. पवईच्या आयआयटीत तर डिझाइनचं केंद्र 1969 पासून आहे. आपल्याला कुणी सांगितलं नाही रे. तू मात्र न सांगता ओळखलं होतंस.

आता खरी गोष्ट. वर्गाला हळद काढणीवर काम दिलं. एका गटाने झकास फाइल आणली. पाच बायकांच्या मुलाखती, भिंतभर रंगीत चिठ्ठ्या, 50 कल्पना. पण पाचही बायका म्हणतात, 'काम करताना आम्हास शारीरिक त्रास होतो.' सांग, रानातली कुठली बाई अशी बोलते? पोरं गेलीच नव्हती.

दुसऱ्या गटातली एक मुलगी मात्र मामांच्या रानात दोन दिवस बायकांशेजारी बसून हळद मोडत होती. बोटं पिवळी करून आली. म्हणाली, सर, मोडायचा त्रास नाही, त्यांचा हात सरावलाय. त्रास सावलीचा आहे. झाडाची सावली सरकते, तसा दर तासाला ढीग ओढावा लागतो, नाहीतर उन्हात बसावं लागतं. तिने बांबूला जुनं शेडनेट बांधून हलती सावली केली. पहिल्या दिवशी वाऱ्याने पडली. बायकांनीच हसत हसत दोरीने खुंटीला बांधून दिली. मी तिथेच उभा होतो. शेडमधल्या आपल्या मशीनकडे बोट करून एक आजी म्हणाली, 'ते कुणी केलंय? उभ्यानं कोण मोडतंय हळद? आणि लुगडं अडकलं म्हणजे?' मला बोलता आलं नाही.

मार्कांचा तक्ता मीच केलाय. चिठ्ठ्यांना मार्क, कल्पनांच्या संख्येला मार्क, फाइलला मार्क. त्या तक्त्याने खोट्या गटाला 50 पैकी 46 पडतात आणि या मुलीला 31. रानात जाऊन बसण्याचा रकानाच मी ठेवला नाही. सोमवारी मार्क द्यायचेत. तक्ता बदलला तर निम्मा वर्ग ओरडेल, ते मी सोसेन. पण त्या चार पोरांना कुठल्या तोंडाने रागवू? आपल्या त्या मशीनच्या रिपोर्टच्या सतराव्या पानावर '20 शेतमजूर महिलांशी चर्चा केली' हे वाक्य मी लिहिलंय. तू सही करत नव्हतास. मी करायला लावली, आणि तू गणपतीपर्यंत माझ्याशी बोलला नाहीस. तेव्हा मला वाटलं, तुला मार्कांची किंमत नाही.

तुझ्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? चिऊची दहावी आलीच की. वहिनींना भडंग पाठवतोय, तू डबा रस्त्यातच संपवत असशील म्हणून या वेळी कुरिअरने.

मला ते सतरावं पान त्या चौघांसमोर ठेवायचंय, मग त्यांना मामांच्या रानात न्यायचंय. पण खाली तुझीही सही आहे. तुला विचारल्याशिवाय मी ते कपाटातून काढणार नाही. रविवारी रात्रीपर्यंत फोन कर.

तुझा,
सुध्या